दांड्याखालच्या चपला

अंकुश नागटिळकला त्या टोपीतून काय काय मिळणार होतं, ते आधीच मांडलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की माणूस उगीच भुलला.

पहिलं म्हणजे खांब. लायनमनचा परवाना सक्रिय राहिला तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं उन्हातान्हात, तारेवर, माळाच्या वाऱ्यात. निष्क्रिय झाला तर जिल्ह्याच्या भांडारात, पंख्याखाली बसून चिनी मातीचे इन्सुलेटर मोजत. दुसरं म्हणजे घरातली इज्जत. भांडारात बसणाऱ्या नवऱ्याला कालिंदी काही बोलली नसती. पण न बोलणं तिला फार चांगलं जमायचं. तिसरं म्हणजे यासीन. आणि खरं सांगायचं तर पहिली दोन कारणं अंकुशने लोकांना सांगायला ठेवली होती. सगळं गणित तिसऱ्यावर चाललं होतं.

यासीन तांबोळी आणि अंकुश सव्वीस वर्षं जोडीने काम करत होते. बालाघाटाच्या माळावर बोरजाई नावाचं उपकेंद्र आहे, तिथली ही सगळ्यात जुनी जोडी. अंकुश बारीक, चिवट, कडी लावून पुन्हा ओढून बघणारा. यासीन रुंद, बोलका, काम आधी करून मग परवानगी विचारणारा. एकजण वर चढला की दुसरा खाली उभा. खालच्याने वर बघायचं, वरच्याने खालच्याचं ऐकायचं, एवढाच त्यांच्या दोस्तीचा करार होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता.

परवाना जिवंत ठेवायला वर्षाला बारा तासांचं शिक्षण लागायचं. हे पूर्वीपासूनच होतं. जिल्ह्याच्या केंद्रात जायचं, हजेरीवर सही करायची, अपघातांच्या फिल्मा बघायच्या, पुरी-भाजी खायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. यासीनने त्या बारा तासांत बहुतेक झोपच काढली होती आणि परवान्याने त्याला कधी हरकत घेतली नव्हती. मग दोन हजार अडतीस साली टोपी आली.

तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. लायनमन तिला टोपरं म्हणत, कारण ती तान्ह्या पोरासारखी हनुवटीखाली बांधावी लागे. केंद्रातल्या पेंडसे मॅडमनी पहिल्या दिवशी तिचं शास्त्र समजावलं आणि चांगलं समजावलं, हे मान्य करायला हवं. माणसाच्या हातून चूक झाली, किंवा होतेय असं नुसतं वाटलं, की कपाळाच्या मागे, मेंदूच्या मधोमध एक बारीकशी लाट उठते. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात. माणसाला स्वतःला कळायच्या आत ती उठलेली असते, आणि तिच्यामुळेच हात अडतो, मान वळते, माणूस मागे येऊन कुलूप ओढून बघतो. टोपीतल्या बटणांना ही लाट दिसते. कंपनीने तीन वर्षं लाटा मोजल्या. लायनमनच्या डोक्यात दिवसाला पाचसहाशे उठत होत्या आणि त्यांतल्या पंचाण्णव टक्के अशा गोष्टींबद्दल, ज्या यंत्राने आधीच तपासलेल्या असत. तार मेलेली आहे हे टॅबलेटवर हिरवं दिसत असताना हा बुवा अजून खालीवर बघतोय. त्या बघण्यात लक्ष तुटतं, पाय सटकतो, माणूस पडतो. म्हणून टोपीने करायचं एवढंच, की अशी फुकटची लाट उठली रे उठली की उलट्या बाजूने अगदी सौम्य प्रवाह सोडून ती बसवायची. मेंदू चिक्कू असतो, मॅडम म्हणाल्या. ज्या हाकेला कुणी ओ देत नाही, ती हाक मारणं तो सोडून देतो. तीस बैठका झाल्या की काम झालं.

यासीनला या तीस बैठकांतली एकही मिळाली नाही. अकरा वर्षांपूर्वी तो खांबावरून पडला होता आणि त्याच्या कवटीत स्टीलची पट्टी होती; पट्टीवाल्या डोक्याला प्रवाह द्यायचा नाही, असा नियम. बैठका नाहीत म्हणजे तास नाहीत, तास नाहीत म्हणजे परवाना निष्क्रिय. साठ किलोमीटरवरच्या भांडारात त्याची खुर्चीसुद्धा ठरली होती. त्याने ते हसण्यावारी नेलं, पण चहाच्या टपरीवर अंकुशला एवढंच म्हणाला, "पंख्याखाली बसून बसून मरंल गड्या मी."

नियमांना मात्र एक फट होती, आणि ती अंकुशने शोधली. शंभरात पंचाण्णव गुण मिळवणारा लायनमन 'अ' श्रेणीत जायचा आणि अशा माणसाला आपल्या परवान्यावर एक निष्क्रिय सहकारी मदतनीस म्हणून ठेवता यायचा. त्याने वर चढायचं नाही, फक्त खाली थांबायचं. म्हणजे जोडी राहणार होती. अंकुशला पहिल्या चाचणीत एकसष्ट मिळाले.

गुण कुठे जातात ते मॅडमनी आलेखावर दाखवलं. टोपी घालून त्याला नकली डीपीपुढे उभं केलं होतं. खऱ्या डीपीसारखाच तिथे जमिनीवरून चालवायचा लोखंडी दांडा होता. दांडा खाली ओढला की पुढची लाईन बंद. वर ढकलला की चालू. दांडा वर करायच्या आधी दर वेळी अंकुशची लाट डोंगराएवढी उठत होती आणि दर वेळी तो खाली, दांड्याच्या बुडाशी बघत होता.

"इथे काय शोधता तुम्ही, नागटिळक?"

"चपला बघतो मॅडम."

मग त्याला सांगावं लागलं. बोरजाईच्या लायनमनांचा जुना रिवाज होता. वर चढणाऱ्याने आपल्या चपला दांड्याखाली काढून ठेवायच्या आणि उतरल्यावर आपल्या आपणच उचलायच्या. चपला आहेत तोवर दांड्याला कुणी हात लावायचा नाही, मग साहेबाचा फोन येवो नाहीतर मंत्र्याचा. पुढे सुरक्षेचे बूट सक्तीचे झाले आणि चपला पायातून गेल्या. तरी यासीनने गाडीच्या डिकीत खास त्या कामासाठी एक जोड ठेवला होता. हिरव्या प्लास्टिकचा, पंधरा वर्षांचा, डाव्या चपलेचा पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला. वर कुणीही जावो, चपला त्याच.

मॅडम हसल्या नाहीत. रिवाज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, म्हणाल्या, पण लाईन बंद ठेवून काम करायचं कुणाचं परमिट बाकी आहे ते आता टॅबलेट सांगतो, आणि या एका बघण्यापायी तुमचे वीस गुण जातायत. थोड्या वेळाने, टोपीची बटणं पुसता पुसता, त्यांनी हेही सांगितलं की फक्त तपासलेल्या गोष्टींची शंका जाते असं कागदावर लिहिलंय खरं, पण मेंदूत काही कपाटासारखे कप्पे नसतात. विचार करून संमतीपत्रावर सही करा. अंकुशने विचार केला. त्याच्या डोळ्यापुढे भांडारातली खुर्ची आली. त्याने सही केली.

यासीनला कळलं तेव्हा तो चिडला. माझ्यापायी डोकं भाजून घेऊ नकोस, म्हणाला. अंकुशने त्याला सांगितलं की तुझ्यापायी नाही, मला भांडारात जायचं नाही. सव्वीस वर्षांत तो यासीनशी खोटं बोलला होता ते तेवढंच, आणि तेव्हा लाट उठली, ती त्याला स्पष्ट जाणवली. कदाचित शेवटची ठळक तीच असावी.

अठराव्या बैठकीला एक्याऐंशी. चोविसाव्या बैठकीला एक्याण्णव. तिसाव्या बैठकीनंतर अठ्ठ्याण्णव. केंद्रातल्या फळ्यावर त्याचं नाव लागलं आणि यासीनची बदली रद्द झाली. टपरीवर यासीनने सगळ्यांना भजी दिली.

सुरुवातीला घरात तर सुखच झालं. अंकुश पूर्वी झोपायच्या आधी तीनदा उठून गॅसची कळ बघायचा, ते बंद झालं. बसस्टँडवर पोचल्यावर कुलूप बघायला परत जाणं बंद झालं. कालिंदीने शेजारणीला सांगितलं की माणूस माणसात आला.

मग एक दिवस तिच्या भावाच्या लग्नावरून तो तिला टोचून बोलला. तसा तो नेहमीच बोलायचा. पण बोलून झालं की पाच मिनिटांत स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायचा, डबे उगीच सरळ करायचा आणि चहा टाकू का म्हणायचा. तीस वर्षांच्या संसारातली निम्मी भांडणं त्या चहावर मिटली होती. कालिंदी त्या दिवशी कणीक मळत वाट बघत राहिली. तिने बाहेर डोकावून पाहिलं तेव्हा तो पेपर वाचत होता. रागात नव्हता. उलट, अमुक गावाला पाणी आलं वाटतं, असं काहीतरी तिला वाचून दाखवलं. त्याच्या लेखी बोलणं झालं होतं आणि संपलं होतं. तिने पुढे यासीनच्या बायकोजवळ, शमशादजवळ, हे बोलून दाखवलं. आता भांडण झालं तर मिटवायलाही मीच आणि रुसायलाही मीच, म्हणाली.

यासीनने ते आपल्या पद्धतीने सांगितलं. "अंकुशा, तू लेका साहेबासारखा वागायला लागलास. आपलं काय चुकलं असंल असं साहेबालाच कधी वाटत न्हाई."

अंकुश हसला. तसं काही झालंय का, हे त्याने आत चाचपून पाहिलं. आत सगळं ठीक होतं.

मार्चच्या अखेरीस वारा सुटला आणि माळावरच्या फीडरची तार चौथ्या खांबावर निखळली. दोघं गाडीवरून सकाळीच गेले. नियमाप्रमाणे अंकुशने टॅबलेटवर परमिट घेतलं, दांडा खाली ओढला, कुलूप लावलं, चौथ्या खांबाशी तारेला जमिनीची साखळी लावली आणि वर चढला. यासीन खाली. सगळं पुस्तकाबरहुकूम. चपला त्या दिवशी आधी निघाल्याच नाहीत, कारण त्या आता काढत नसत. अंकुशला त्यांची गरज वाटत नव्हती आणि यासीनने तो विषय सोडून दिला होता.

साडेअकराच्या सुमाराला यासीन उरलेलं तारेचं वेटोळं गाडीवर ठेवायला डीपीपाशी गेला, तिथे पोल्ट्रीवाल्या घोडकेने त्याला गाठलं. अकराव्या खांबावरचा जंपर, म्हणजे दोन तारांमधला जोड, दोन दिवस ठिणग्या टाकत होता. पंखे बंद पडले तर कोंबड्या उन्हाने मरतील, म्हणाला. त्या कामाचं परमिट वेगळं काढायचं तर पाऊण तास गेला असता आणि ते यासीनच्या नावाने निघालंच नसतं. इथे लाईन तर आयतीच बंद होती. काम पाच मिनिटांचं. अशी कामं या दोघांनी सव्वीस वर्षांत शेकड्याने केली होती. अकरावा खांब टेकाडाच्या पलीकडे, तिथून चौथा दिसत नाही, आणि त्या पट्ट्यात फोन लागत नाही. यासीनने तीन महिन्यांनी डिकी उघडली, हिरव्या चपला काढल्या आणि दांड्याच्या बरोबर खाली, शेजारी शेजारी, नीट मांडून ठेवल्या. मग तो घोडकेबरोबर गेला. निरोप ठेवून गेला होता तो. बोरजाईत याहून पक्का निरोप नसतो.

अंकुश खाली उतरला तेव्हा यासीन तिथे नव्हता. त्याने साखळी काढली, डीपीपाशी आला, परमिट परत केलं. टॅबलेट हिरवा झाला: कुणाचंही परमिट बाकी नाही. आणि ते खरंच होतं.

आता इथे नीट बघायला हवं, कारण पुढे चौकशीत सगळे इथेच येऊन थांबले. चपला त्याला दिसल्या नाहीत असं नाही. दिसल्या. हिरवा रंग दिसला, पट्ट्यावरची तांब्याची तार उन्हात चमकली तीही दिसली. या यासीनच्या चपला, हेही त्याला माहीत होतं. चपला असल्या म्हणजे काय, हे कुणी त्या क्षणी विचारलं असतं तर त्याने घडाघडा सांगितलं असतं. फक्त आतून कुणी विचारलं नाही. गवत दिसलं, कुलूप दिसलं, तशा चपला दिसल्या. दांडा वर ढकलताना पाय रोवून उभं राहावं लागतं आणि त्या नेमक्या पाय ठेवायच्या जागी होत्या. अंकुशने बुटाच्या टोकाने त्या बाजूला सारल्या. डावी जरा उलटी झाली. मग त्याने दांडा वर केला.

कुलूप लावून तो पाणी पीत होता, तेव्हा टेकाडावरून घोडके ओरडत आला. अंकुश धावला. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की धावतानासुद्धा आपल्याला एवढंच वाटत होतं, कुठेतरी तार तुटली असेल.

चौकशीला तीन अभियंते बसले. त्यांनी अंकुशच्या हेल्मेटमधली नोंद काढली. कामावरच्या हेल्मेटलाही आता तीच बटणं होती. अकरा बेचाळीसला दांडा वर गेला त्याच्या आधीच्या मिनिटात रेघ सपाट. हाताची गती योग्य, थांबणं नाही, वळून बघणं नाही. त्यांच्यातला एकजण, वाईट हेतूने नव्हे, आदर्श असं पुटपुटला. अंकुशने चपलांचं स्वतःहून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि चपला हे कंपनीचं मान्य चिन्ह नसल्यामुळे नोंदीत घेतलं नाही. निष्कर्ष दोन ओळींचा निघाला: निष्क्रिय परवान्याची व्यक्ती परमिटशिवाय खांबावर चढली, कर्तव्यावरील लायनमनने सर्व पायऱ्या पाळल्या.

यासीन गेला त्याला चाळीस दिवस झाल्यावर अंकुश शमशादकडे गेला. कालिंदी बरोबर यायला निघाली होती, मग काय मनात आलं, दारातून परत फिरली. शमशादने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, चहाही ठेवला. तो जे बोलायचं ते बोलला. माझ्या हातून झालं, म्हणाला, मी दांडा वर केला. शब्द बरोबर होते. शमशाद त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शब्दांच्या मागे जे असतं ते ती शोधत होती.

"अंकुशभाऊ, झोप लागती का तुमाला?"

तो खोटं बोलू शकला असता. पण खोटं बोलायचं तर आधी खऱ्याची बोच असावी लागते.

"लागते, भाभी," तो म्हणाला.

ती उठली. मग आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चपला घेऊन आली. पोलिसांनी यासीनच्या सामानाबरोबर त्या तिला दिल्या होत्या. हे तुमच्या कामाचं हाय, म्हणाली, आमच्यात ह्या कुणाच्या पायाला होत न्हाईत. रागाने नाही म्हणाली. राग यायला समोर कुणीतरी लागतं.

त्यानंतर अंकुश एकदाच आपल्या पायाने केंद्रावर गेला. पेंडसे मॅडम खंगल्यासारख्या दिसत होत्या. त्याने विचारलं, ती लाट परत बसवता येते का. मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. काढायचा अभ्यासक्रम आहे, घालायचा नाही, म्हणाल्या. मेंदू स्वतःहून शिकला तर शिकेल. पण काही झालंय असं वाटल्याशिवाय तो शिकायला लागत नाही, आणि तुमचं तेच तर गेलंय. मग त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, की मी वर लिहिलंय, दोनदा लिहिलंय. आणि असं सरावाने काही जमलंच, तर त्याचे तास मात्र मिळणार नाहीत.

तास नकोत, असं अंकुश म्हणाला. तेव्हापासून तो रोज सकाळी कामावर जायच्या आधी परसात एक लोखंडी पहार रोवून तिच्याखाली त्या हिरव्या चपला मांडतो, समोर उभा राहतो आणि वाट बघतो. कालिंदी खिडकीतून बघते. दहा मिनिटांनी तो चपला उचलतो, पिशवीत घालतो आणि डबा मागतो. एकदा त्याचा हात पहारेशी जाऊन अडल्यासारखा तिला वाटला. ती पुढे वाकली. त्याच्या मनगटावर माशी बसली होती.

डिसेंबरात पुन्हा बारा तास आले. या वेळी शेवटचे दोन तास एका ताज्या अपघाताच्या अभ्यासाचे होते. पडद्यावर माळ, डीपी, टेकाड; नावं झाकलेली. अंकुश तिसऱ्या रांगेत बसला होता. शेजारच्याने ओळखलं आणि खुर्ची इंचभर सरकवून घेतली. अंकुशने पूर्ण दोन तास पाहिलं, प्रश्नपत्रिकेतले दहाही प्रश्न बरोबर सोडवले आणि हजेरीवर सही केली.

वर्षअखेरीला जमाखर्च असा लागला. कंपनीला एक परिपत्रक काढावं लागलं: दांड्याखाली चपला वा तत्सम वस्तू ठेवण्यास मनाई. घोडकेच्या कोंबड्या वाचल्या. पेंडसे मॅडमची बदली झाली, लिहिल्याबद्दल. टोपी आता लायनमनबरोबर बॉयलरवाल्यांना आणि क्रेनवाल्यांनाही लागू झाली. कालिंदी स्वयंपाकघरात दोन कप चहा करते आणि एक बाहेर नेऊन देते. तीस वर्षं जे दाराशी यायचं ते आता तीच नेऊन पोचवते. शमशादने मशिनवर कपडे शिवायला घेतले आहेत. अंकुश नागटिळक, 'अ' श्रेणी, बारा तास पूर्ण, परवाना सक्रिय. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या मदतनिसाची जागा रिकामी. आणि बोरजाईच्या नोंदवहीत यासीन तांबोळीच्या नावापुढे, सव्वीस वर्षांच्या कामाच्या शेवटी, एकच शब्द आहे: निष्क्रिय.